वालाच्या शेंगेचा वास

[दृश्य: रायगड जिल्हा, पौष महिना. भात कापलेलं शेत, धसकटांमधून वर आलेलं हिरवं पीक.]

पाऊस जाऊन दोन-अडीच महिने झालेत. या शेताला पाट नाही, विहिरीचं पाणी इथवर पोचत नाही. भात कापून झालं की कोकणातली बहुतेक खाचरं अशीच उघडी पडतात. हे खाचर मात्र हिरवं आहे, कारण भात निघाल्यावर इथे वाल पेरला. जमिनीनं पावसाळ्यात जी ओल धरून ठेवली, तेवढ्यावर तो वाढला. वरून पडलं ते फक्त दव. वालाच्या मुळांवरच्या गाठींमध्ये राहणारे जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे पुढच्या भाताचंही थोडं काम हेच पीक करून ठेवतं.

अलिबाग, पेण, रोहा या भागात शेंगा भरल्या की पोपटी लागते, म्हणजे मडक्यात भरून आगीवर शिजवलेल्या शेंगा.

[दृश्य: मडकं भरणारे हात. पाला, शेंगा, जाडं मीठ.]

मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला. त्यावर न सोललेल्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. कुणी बटाटे आणि रताळी घालतं, कुणी अंडी, कुणी मसाला लावलेली कोंबडी. मडक्याचं तोंड पुन्हा त्याच पाल्यानं गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालायचं, भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंबही घातलेला नसतो. शेंगांमधलं आणि पाल्यातलं पाणी, त्याचीच वाफ होते. अत्तराच्या भट्टीत वाफ फुलातलं तेल उचलून नेते, तशी ही वाफ भांबुर्डीतली सुगंधी द्रव्यं उचलते आणि शेंगेत भिनवते. दक्षिण गुजरातेत, वलसाडच्या बाजूला, याच रीतीनं उंबाडियू करतात. तिथेही शेंगा, तिथेही मडकं आणि तिथेही वासाचा पाला.

रायगडच्या माणसाला विचारा, भांबुर्डीऐवजी दुसरा पाला चालेल का? शेंगा तशाही शिजतील, पण तो त्याला पोपटी म्हणणार नाही.

या चित्रफितीचा विषय आहे तो हाच वास. कडधान्यांबद्दल बोलताना आपण प्रथिनं मोजतो, एकरी उतारा मोजतो, भाव मोजतो. वास मोजत नाही. मला वाटतं की दुर्लक्षित कडधान्यं ताटात टिकतील की ताटातून जातील, हे ठरवण्यात वासाचा वाटा फार मोठा आहे. आणि माणसाच्या नाकापर्यंत येण्याच्या कितीतरी आधी तो वास शेतात झाडाच्या कामाला आलेला असतो.

[दृश्य: बेंगळुरू. डिसेंबरची सकाळ, रस्त्याकडेला शेंगांचे ढीग.]

बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी घरांना हे दृश्य ओळखीचं असेल. थंडी सुरू झाली की शहरात अवरेकाई येते. म्हणजे आपलाच वाल, आपलाच पावटा. शास्त्रीय नावानं लॅबलॅब पर्प्युरियस. मागडीकडच्या शेंगांना विशेष मान. गिऱ्हाईक ढिगाजवळ येतं, मूठभर शेंगा उचलतं आणि नाकाशी नेतं. रंग आणि भरलेपणा नंतर. आधी वास, ज्याला तिथे सोगडू म्हणतात. शेंगा सोलून झाल्या तरी तो बोटांना चिकटून राहतो, साबणानंही लगेच जात नाही.

हा वास येतो शेंगेच्या सालीवर पाझरणाऱ्या तेलकट स्रावातून. 1979 साली या स्रावाचं रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात दोन मेदाम्लं प्रामुख्यानं सापडली: ट्रान्स-2-डोडेसेनॉइक आम्ल आणि ट्रान्स-2-टेट्राडेसेनॉइक आम्ल. नावं अवघड आहेत, गोष्ट सोपी आहे. पहिल्याच्या साखळीत कार्बनचे बारा अणू, दुसऱ्याच्या साखळीत चौदा. वासाचे रेणू जितके लहान तितके ते चटकन हवेत उडतात. हे दोन तसे लांबट आहेत, सावकाश उडतात. बोटांवर वास रेंगाळतो तो त्यामुळे.

अशा हवेत उडणाऱ्या द्रव्यांना उडनशील किंवा बाष्पनशील द्रव्यं म्हणतात. तुळशीचा वास, कापलेल्या गवताचा वास, पहिल्या पावसानंतरच्या निर्गुडीचा वास, हे सगळं त्यांचंच काम.

आता पैदासकारांपुढचा पेच पाहा. पारंपरिक वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. म्हणून तो थंडीतच मिळतो. बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठानं हेब्बाळ अवरे या मालिकेतले वाण काढले. त्यातले हेब्बाळ अवरे-3 आणि हेब्बाळ अवरे-4 दिवसाच्या लांबीला जुमानत नाहीत. ठेंगणे वाढतात, लवकर येतात, वर्षात कधीही पेरता येतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनं फार मोठी सोय. पण बाजारात माणूस शेंग नाकाशी नेतो आणि म्हणतो, थंडीतल्या शेंगेची सर याला नाही. त्यामुळे तिथल्या वाल-संशोधनात शेंगेचा सुवास हा निवडीचा निकष झाला. गिऱ्हाइकाच्या नाकानं शास्त्रज्ञांच्या तक्त्यात जागा मिळवली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं कोकण वाल-1 आणि कोकण वाल-2 हे वाण दिले. कोकणातल्या थंडीला आणि ओलीला ते साजेसे आहेत. रायगडच्या नाकाचं त्यांच्याबद्दल काय मत आहे, याचीही तितक्याच काळजीनं नोंद व्हायला हवी.

[दृश्य: पानाच्या मागच्या बाजूचा अगदी जवळून घेतलेला भाग. लाल कोळी.]

झाडाला मात्र आपल्या पोपटीशी देणंघेणं नाही. मग ते हा वास कशासाठी तयार करतं?

याचं सर्वात नीट अभ्यासलेलं उदाहरण तुमच्या स्वयंपाकघरात असेल: डबल बी. पुण्या-मुंबईच्या बाजारात मिळणारे हे पांढरे, चपटे, मोठे दाणे म्हणजे फॅसिओलस ल्युनॅटस. मूळचं अमेरिका खंडातलं हे कडधान्य. 1980 च्या दशकात नेदरलँड्समध्ये मार्सेल डिके आणि मॉरिस साबेलिस यांनी डबल बीच्या पानांवर लाल कोळी सोडले. हे कोळी पानाचा रस शोषतात. रस जाऊ लागताच पानातून वेगळीच द्रव्यं बाहेर पडू लागली: लिनालूल, ओसिमीन, मिथाइल सॅलिसिलेट. हा वास घेत दुसऱ्या जातीचे, शिकारी कोळी तिथे पोचले आणि त्यांनी रस शोषणाऱ्या कोळ्यांचा फडशा पाडला. झाडानं आपल्या शत्रूच्या शत्रूला बोलावून घेतलं होतं.

गोष्ट इथे थांबली नाही. मेक्सिकोत, जिथे हे झाड रानात आपोआप उगवतं, मार्टिन हाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते निसर्गातच तपासलं. 2007 साली त्यांनी दाखवलं की एका पानावर हल्ला झाला की त्याचा वास त्याच वेलीच्या दुसऱ्या पानांपर्यंत हवेतून जातो. ती पानं सावध होतात आणि फुलाबाहेरच्या ग्रंथींमधून जास्त मध पाझरू लागतात. त्या मधासाठी मुंग्या येतात आणि येता-येता किडींचाही समाचार घेतात. वेलीची दोन पानं देठाच्या वाटेनं एकमेकांपासून लांब असतात, पण वळणामुळे हवेत मात्र शेजारी असू शकतात. म्हणून वेलीला आतल्या रसवाहिन्यांपेक्षा हवेतून निरोप पाठवणं सोयीचं पडतं.

चवळीचं कौशल्य याहून सूक्ष्म आहे. अळी पान खाते तेव्हा पानातल्याच एका प्रथिनाचे तिच्या पोटात तुकडे होतात. खाताना तिची लाळ पानाला लागते आणि त्या तुकड्यांपैकी एक पानाच्या जखमेत परत येतो. 2006 साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी हा तुकडा ओळखला आणि त्याला इन्सेप्टिन नाव दिलं. चवळी आपल्याच प्रथिनाचा हा चावलेला तुकडा ओळखते, त्यावरून समजते की हे वाऱ्यानं फाटलेलं पान नाही, कुणीतरी खातंय. मग ती वासाची द्रव्यं सोडते. प्रयोगात वापरलेली अळी होती अमेरिकन लष्करी अळी, जिनं 2018 नंतर महाराष्ट्रातल्या मका उत्पादकांची झोप उडवली.

या सगळ्याचा शेतकऱ्याच्या खिशाशी थेट संबंध आहे. ज्या वाणाला स्वतःच्या वासानं मदत बोलावता येते, त्याच्यावर फवारणी कमी लागू शकते. उलट, फक्त उतारा पाहून पिढ्यान्‌पिढ्या निवड करत गेलं, तर वास गमावला गेल्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही. शिवाय हवा स्वच्छ हवी. फिनलंडमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये डबल बीवरच दाखवलं की हवेत ओझोन वाढला की हे सुगंधी रेणू मोडतात आणि निरोप कमी अंतरापर्यंत पोचतो. गाड्यांच्या धुरातून आणि उन्हातून जमिनीलगत ओझोन तयार होतो. मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेल्या वालाच्या शेतांबद्दल हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

[दृश्य: विदर्भ-मराठवाड्यातली सोयाबीनची सलग शेतं. मग डाळीच्या दुकानातल्या बरण्या.]

वास माणसाला जवळ आणतो तसा लांबही ठेवतो. महाराष्ट्रात सोयाबीन 50 लाख हेक्टरच्या घरात पेरलं जातं. त्याच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं असतात, म्हणजे तुरीच्या जवळजवळ दुप्पट. इतकं पिकवूनही आपल्या किती घरांत सोयाबीनची उसळ होते? तेल काढलं जातं, पेंड कोंबड्यांना आणि गुरांना जाते. कारणं अनेक आहेत, पण एक कारण नाकाला ठाऊक आहे: तो कच्चट, हिरवा, गवताळ वास.

दाणा भरडला आणि त्याला पाणी लागलं की त्यातलं लिपॉक्सिजनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, दाण्यातल्या तेलावर काम सुरू करतं. त्यातून हेक्झानाल आणि त्याच्यासारखे लहान रेणू तयार होतात, आणि तेच नाकात शिरतात. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेनं यावर थेट उपाय शोधला. एनआरसी 132 आणि एनआरसी 142 या वाणांमध्ये या विकराचा एक प्रकार, लिपॉक्सिजनेज-2, नाहीच. पीक भरपूर पिकलं म्हणजे लोक ते खातील, हा हिशोब चुकतो, हे मान्य करून केलेलं हे काम आहे. म्हणूनच मी ते अन्नसुरक्षेचं काम मानतो.

नाक किती बारीक काम करतं याचा एक आकडा सांगतो. हिरव्या मटारात आणि ढोबळी मिरचीत मिथॉक्सिपायराझिन गटातले रेणू असतात. ढोबळी मिरचीच्या वासाचा जो रेणू आहे, त्याचा एका लिटर पाण्यात ग्रॅमचा सुमारे पन्नास कोटीवा भाग असला तरी माणसाला तो जाणवतो. इतक्या सूक्ष्म गोष्टीवर माणसं 'आवडलं' आणि 'नाही आवडलं' ठरवत असतात.

[दृश्य: भिजलेले कडवे वाल, मोड आलेले. सोलणाऱ्या बायका.]

कडव्या वालाला नावातच कडूपणा आहे. सुकलेल्या दाण्यात पचनाला अडथळा करणारे घटक असतात, तुरटपणा असतो. आमच्याकडच्या स्वयंपाकानं त्यावर जी रीत बसवली, ती रसायनशास्त्रज्ञालाही पटेल अशी आहे. वाल रात्री भिजवायचे, पाणी ओतून टाकायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे. मोडाचे वाल कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. सालीबरोबर तुरटपणाचा बराच भाग जातो. उरतात त्या डाळिंब्या. मग फोडणीला हिंग, मोहरी, हळद, नंतर आमसूल, गूळ, ओलं खोबरं. पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांतलं बिरडं यातूनच आलं. बेंगळुरूकडेही भिजवलेल्या अवरेचे दाणे चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढतात आणि त्याची हितकबेळे करतात. शेकडो मैलांवरच्या दोन स्वयंपाकघरांनी एकाच दाण्याला एकच उत्तर काढलं.

कुळथाची वाट वेगळी. कुळीथ आधी भाजतात, मग दळून पिठी करतात. भाजताना आतलं लिपॉक्सिजनेज निकामी होतं, म्हणजे कच्चट वास तयार होण्याचा रस्ताच बंद. त्याच वेळी दाण्यातली प्रथिनं आणि शर्करा उष्णतेनं एकमेकांशी जुळून पायराझिन जातीची खमंग द्रव्यं तयार होतात. पिठी आधणात पडली की पाच-दहा मिनिटांत पिठलं होतं. ज्या घरात सरपण तोलून-मापून वापरावं लागायचं, तिथे याचं मोल मोठं होतं. आजही गॅसच्या किमतीत ते आहेच. गोव्यातले अळसांदे, देशावरची मटकी, पावटे, यांची प्रत्येकाची अशी एक रीत आहे, आणि रीत विसरली गेली की दाणा नुसताच कडक आणि उग्र उरतो. रीत ज्या बाईला येते तिच्याकडून ती टिपून घेणं, हे बियाणं जपण्याइतकंच तातडीचं काम आहे.

[दृश्य: रेशन दुकान. तांदूळ आणि गव्हाची पोती.]

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं 2019 साली दिलेला हिशोब असा: माणसानं अन्नासाठी लावलेल्या वनस्पती सुमारे 6,000. त्यातल्या 200 देखील जागतिक उत्पादनात ठळक वाटा उचलत नाहीत. आणि एकूण पीक उत्पादनापैकी 66 टक्के फक्त 9 पिकांतून येतं. आपल्या 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिना 5 किलो धान्याचा हक्क दिला, पण तो तांदूळ, गहू आणि भरडधान्याचा. कडधान्य त्यात नाही. भारत जगात सर्वात जास्त कडधान्य पिकवतो, सर्वात जास्त खातो आणि तरीही मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. अशा देशात एकही पाणी न देता भातानंतर येणारं, 20 ते 25 टक्के प्रथिनं देणारं पीक मागे पडत जावं, हे मला सहन होत नाही.

मागे का पडतं? रायगडात कुणालाही विचारा, पहिलं उत्तर येईल ते उनाड गुरांचं. भात निघालं की गुरं मोकळी सुटतात. एकट्यानं वाल पेरला तर राखण एकट्यानं करावी लागते. सगळ्या शिवारानं पेरला तरच परवडतं. दुसरं कारण जमीन. मुंबईजवळची खाचरं बंगल्यांना आणि गोदामांना विकली जात आहेत. तिसरं कारण सोलणं. डाळिंब्या विकत मिळतात, पण महाग, कारण त्यामागे तासन्‌तास राबणारी बायकांची बोटं आहेत आणि त्या मजुरीचा दर अजून कमीच आहे.

साठवण हाही एक घोर आहे. कडधान्याला भुंगा लागतो. मादी दाण्यावर अंडं घालते, अळी आत शिरून दाणा पोखरते आणि बाहेर पडते तेव्हा गोल भोक उरतं. घराघरांत वाल राखेत घोळून ठेवतात, कणगीत कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा पाला घालतात. राख किड्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण खरवडते, त्यामुळे तो सुकून मरतो. पाल्याचा उग्र वास किड्याला दूर ठेवतो. म्हणजे दाण्याला शेतात स्वतःचा वास वाचवतो आणि कणगीत दुसऱ्या झाडाचा.

[दृश्य: नैरोबीतली प्रयोगशाळा. वालाच्या वेगवेगळ्या रंगांच्या बिया.]

वाल फक्त आपला नाही. केनियातल्या किकुयू लोकांच्या जेवणात तो न्जाही या नावानं आहे आणि बाळंतिणीला आवर्जून देतात. 2023 साली नैरोबीतल्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या पुढाकारानं आफ्रिकी शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वालाचा गुणसूत्रांच्या पातळीवरचा संपूर्ण जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. त्यातून दिसलं की माणसानं वाल एकदा नव्हे, दोन वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे शेतीत आणला: शेंगेत दोन दाण्यांचा इथियोपियातला एक वंश आणि चार दाण्यांचा दुसरा. ज्या पिकावर मोठ्या कंपन्या पैसा लावत नाहीत, त्याच्यासाठी असा नकाशा म्हणजे फार मोठं साधन. सुवास कोणत्या जनुकांमुळे येतो आणि बारमाही वाणात तो कसा टिकवायचा, हे आता नेमकेपणानं शोधता येईल.

पण नकाशा वाचायला बियाणं हवं. कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांत अजून मडक्यात, डब्यात, राखेत गावठी वाल आहेत: काळे, तांबूस, पांढरे, कडवे, गोडे. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं एक केंद्र अकोल्यात आहे. कृषी विद्यापीठं आहेत, गावोगावचे बियाणं जपणारे गट आहेत. संकलक असं बी घ्यायला जाईल तेव्हा त्यानं गाव, तारीख, दाण्याचा रंग लिहावाच. सोबत हेही लिहावं: शेंग ओली असताना वास कसा येतो, बोटांवर किती वेळ राहतो, पोपटीला चालतो की बिरड्याला, भिजायला किती तास लागतात. ज्या बाईनं ते बी इतकी वर्षं ठेवलं, तिला ही सगळी उत्तरं येतात. तिला विचारायला येत्या माघापर्यंत, शेंगा वेलावर असेपर्यंतच, वेळ आहे.